मोठ्या बाईंच्या जिभेखालचा दोरा

शाळा उघडायला बारा दिवस राहिले होते. टेलरच्या टेबलावर निळ्या गणवेशांची चळत छातीला लागत होती, आणि घराच्या मागच्या अंगणात त्याच्या ताईची कोंबडी दाण्याला चोच लावत नव्हती.

ही बातमी ताईने सकाळच्या चहाबरोबर आणली. "मोठ्या बाई कालपासून जेवल्या नाहीत," असं म्हणून तिने कप मशीनच्या कडेला ठेवला आणि ती लंगडत आत गेली.

कोंबडीला मोठ्या बाई म्हणायचं कारण असं, की ताईने पस्तीस वर्षं एका शाळेत शिपाई म्हणून काढली होती. वर्ग उघडायचे, टाक्या भरायच्या, घंटा द्यायची, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं की दारात जाऊन उभं राहायचं. रिटायर झाल्यावर तिने कोंबड्या पाळल्या. त्यातली ही तपकिरी कोंबडी पावलं मोजून टाकायची, मान वाकडी करून एका डोळ्याने बघायची, आणि एखादी गोष्ट पसंत पडली नाही की घशातल्या घशात काहीतरी पुटपुटत पुढे जायची. ताईने तिला पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तेव्हापासून घरात तिचा उल्लेख आदरानेच व्हायचा. मोठ्या बाईंनी अंडं दिलं. मोठ्या बाई शेजारी गेल्यात, जरा घेऊन ये. हे ऐकून नवी गिऱ्हाइकं चपापायची. आत कोणीतरी भारदस्त पाहुणी बसली आहे असं वाटून आवाज खाली करायची. पुढे एका कोंबडीला कुत्र्याने नेलं, दुसरी वय होऊन गेली. ही तेवढी उरली.

घर तीन खोल्यांचं होतं, एकामागे एक. पुढे दुकान, मध्ये दोघांच्या खाटा, मागे स्वयंपाकघर, आणि तिथून तीन पायऱ्या उतरलं की अंगण. टेलरची बायको अकरा वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती. ताईचं लग्न झालंच नाही. ती भावाकडे राहते असं लोक म्हणायचे. खरं तर आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि ती सतराची, आणि त्याचं पुढचं सगळं तिनेच केलं होतं. आता तो एकोणसाठचा झाला होता, डोक्यावर केस मोजकेच राहिले होते, तरी ती त्याला 'धाकट्या' अशीच हाक मारायची.

सोमवारी त्याने फारसं मनावर घेतलं नाही. उन्हाचा त्रास असेल म्हणाला आणि मशीनवर बसला. मंगळवारी ताईने कोंबडीला टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणलं. दाणे भिजवून मऊ केले, उकडलेलं अंडं कुस्करून पुढे ठेवलं, चमच्याने साखरेचं पाणी चोचीशी धरलं. ताई तशी मितभाषी. पण त्या दिवशी ती तीनदा दुकानात आली, तीनदा काही न बोलता उभी राहिली आणि परत गेली. तिचा जीव टांगणीला लागला आहे हे टेलरला मशीन चालवता चालवता कळलं.

बुधवारी सकाळी तो टोपलीशी जाऊन बसला. पिसं फुगवून कोंबडी डोळे अर्धे मिटून उभी होती. त्याने हातावर चार दाणे धरले. तिने लगेच मान पुढे केली, एक दाणा उचलला, चोचीत धरला, मान दोनदा झटकली, आणि दाणा खाली पडला. तिने तोच दाणा परत उचलला. परत पडला. टेलरचा सगळा जन्म बारीक गोष्टी बघण्यात गेला होता. त्याच्या लक्षात आलं की हिला खायचं आहे. भूक मेलेली नाही. गिळता येत नाही.

त्याने तिला काखेत घेतलं, दाराशी उजेडात आला आणि दोन बोटांनी चोच उघडली. जीभ सुजून जाड झाली होती. तिच्या मुळाशी एक बारीक गडद रेघ होती. त्याला आधी ती शीर वाटली. मग त्याने मान जरा कलती केली. रेघ निळी होती. आठवडाभर मशीनवर जे रीळ चढवलेलं होतं, त्याच रंगाची.

त्या रंगाचा दोरा आजूबाजूच्या कुठल्या घरात असणं शक्य नव्हतं. शाळेच्या गणवेशासाठी तो मुद्दाम घाऊक बाजारातून आणलेला होता.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. दुकानातली चिंध्या-दोऱ्यांची साफसफाई पूर्वी ताईच करायची. रोज संध्याकाळी ती उकिडवी बसून फरशीवरचा दोरा न् दोरा वेचायची, पोत्यात भरायची आणि पोतं बांधूनच मागचं दार उघडायची. कोंबड्या दोऱ्याला किडा समजतात, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. तेव्हा तिने भावाला एवढं एकच काम सांगितलं. त्यानेही दोन महिने ते नीट केलं. पुढे गणवेशांची घाई सुरू झाली. झाडूने ढीग लोटत लोटत स्वयंपाकघरातून न्यायचा, मागच्या पायऱ्यांवरून खाली ढकलायचा आणि सकाळी भरू म्हणायचं, असं चालू झालं. सकाळी कधी भरलं जायचं, कधी नाही.

"काही दिसलं का?" ताईने चुलीकडूनच विचारलं.

त्याने चोच मिटली. "जीभ सुजलीय," तो म्हणाला. "उद्या डॉक्टरला दाखवू."

तो खोटं बोलला नव्हता. पण दिवसभर त्याच्या हातून टीप सरळ पडेना. एका पँटला त्याने दोन्ही पाय डावेच जोडले आणि सगळं उसवत बसला.

गुरुवारी दोघं टोपली घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. बाकावर एक शेळी घेऊन आलेला माणूस होता आणि एक आंधळा कुत्रा मालकिणीच्या पायाशी झोपला होता. केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाने नाव विचारलं. ताईने सवयीने सांगितलं, मोठ्या बाई. कारकुनाने तेच लिहिलं. वय विचारल्यावर ताईने स्वतःचं सांगितलं, चौसष्ट; तेही त्याने टाकलं. पुढे 'प्राणी' असा रकाना आल्यावर त्याने मान वर करून आधी ताईकडे, मग टोपलीकडे बघितलं आणि कागद बदलला.

डॉक्टर पन्नाशीचा, दमलेला माणूस होता. कपाळाला लावलेला दिवा पेटवून त्याने चोच उघडली आणि बराच वेळ आत बघितलं. दोरा जिभेखालून फास पडल्यासारखा अडकला होता. त्याची दोन्ही टोकं घशातून खाली, दाण्याच्या पिशवीत गेली होती. कोंबडी गिळायला जायची तशी टोकं खाली ओढली जायची आणि फास जिभेत आणखी रुतायचा. जिभेची मागची कड काळी पडू लागली होती.

"हा दोरा कुठून आला?" डॉक्टरने विचारलं.

"वाऱ्याने आला असेल कुठून तरी," ताई म्हणाली. "रस्त्यालगतच घर आहे आमचं."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की टेलरला ती हे पूर्वीही म्हणाली आहे असं वाटलं. म्हणजे तिने दोरा केव्हाच पाहिला होता. कोणाचा आहे तेही तिला कळलं होतं. आणि डॉक्टरने विचारायच्या आत तिने उत्तर शिवून तयार ठेवलं होतं.

"वाऱ्याने नाही," टेलर म्हणाला. "माझा आहे तो. मी दुकानातला कचरा मागे लोटतो. हिने नको म्हणून सांगितलेलं होतं."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरला या भाऊबहिणींमधलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मान डोलावली आणि बारीक कात्री मागवली. फास त्याने मधोमध कापला, पण टोकं ओढली नाहीत. ओढलं तर आतडं कापलं जाईल, म्हणाला. हे टेलरला समजावून सांगावं लागलं नाही. गुंतलेला दोरा ओढायचा नसतो, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. आता आतला दोरा आपोआप खाली उतरला तर उतरला. पोट कापावं लागलं तर इतका अशक्त जीव टेबलावरच जाईल. तोवर पातळ पीठ सुईशिवायच्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब घालायचं; जिभेमागे श्वासाचं भोक असतं, त्यात एक थेंब गेला तरी संपलं. सकाळ-संध्याकाळ गळ्याखालची पिशवी हलक्या हाताने चोळायची.

घरी येऊन ताईने टोपली खाली ठेवली, पीठ कालवायला घेतलं, आणि भावाकडे पाठ करूनच म्हणाली, "मी झाकलं होतं ना? मग उघडं कशाला केलंस?"

तिच्या आवाजात राग होता. टेलरने तो आयुष्यात फार कमी वेळा ऐकला होता. तो दारात उभा राहिला. जे बोलायचं होतं त्याला जीभ रेटत नव्हती, पण आता मागे फिरायलाही जागा नव्हती.

"कोटाच्या वेळी झाकलंस तेवढं पुरे झालं," तो म्हणाला.

ताईचा हात पिठात थांबला. हा शब्द त्या घरात बेचाळीस वर्षांत उच्चारला गेला नव्हता.

टेलर सतरा वर्षांचा असताना दोघंही बाजारपेठेतल्या जुन्या मास्तरांकडे शिकायला होते. तो बटणं लावायचा आणि इस्त्री करायचा. ताई बावीस वर्षांची होती आणि तिचा हात असा होता, की तिने केलेली काजं मास्तर गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचे. नुकतीच त्यांनी तिला कापायला शिकवायला सुरुवात केली होती. दुकानात मोठी कात्री दुसऱ्या कोणाच्या हाती ते देत नसत. एके दिवशी मास्तर बाहेर गेलेले असताना रस्त्याने सर्कशीच्या गाड्या निघाल्या. टेलर बघत राहिला आणि कोळशाची इस्त्री एका बड्या गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटावर तशीच राहिली. मास्तर परत आले तेव्हा कोटाच्या छातीवर इस्त्रीएवढं भोक होतं. टेलरने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, माझ्या हातून झालं. मास्तरांनी तिला त्याच पावली बाहेर काढलं. टेलर मान खाली घालून उभा राहिला. तो तिथे आणखी नऊ वर्षं शिकला, कारागीर झाला, मग स्वतःचं दुकान थाटलं. ताईला पुढे कोणी कामावर घेतलं नाही. कोट जाळणारी मुलगी म्हणून तिचं नाव पेठभर झालं होतं. वर्षभराने शाळेत शिपायाची जागा निघाली.

"कोट जळला त्याचं मला कधीच काही वाटलं नाही," ताई म्हणाली. अजूनही तिची पाठच होती. "तू पोरगा होतास. मीच बोलले, मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. पण मला वाटलं होतं, तू चार दिवसांनी सांगशील. मग वाटलं, मोठा झाल्यावर सांगशील. मग दुकान काढलंस तेव्हा वाटलं."

टेलरला माफ कर असं म्हणायचं होतं, पण बेचाळीस वर्षांपुढे तो शब्द त्यालाच फार तोकडा वाटला. शेवटी त्याने विचारलं, "आता काय करू?"

"मला काय विचारतोस," ताई म्हणाली. "कोंबडीला धर."

त्याने कोंबडीला धरलं. ताईने तिची मान सरळ केली, सिरिंजचं टोक चोचीच्या कडेला टेकवलं आणि पिठाचा एक थेंब सोडला. कोंबडीने गिळलं. दुसरा थेंब. असे बावीस थेंब झाले आणि त्याला पाऊण तास लागला.

पुढचे तीन दिवस असेच गेले. टेलर दर तीन तासांनी मशीन थांबवून आत जायचा. एका आईने गणवेश वेळेवर मिळेल ना असं विचारलं, तेव्हा त्याने घरात आजारी माणूस आहे असं सांगून टाकलं. ताईने ते आतून ऐकलं. तिचा अबोला सुटला नव्हता. पण पिशवी कशी चोळायची ते ती त्याला दाखवायची, त्याचा अंगठा धरून, इतकंच दाबायचं, वरून खाली. हिची बोटं आता सुजलेली असतात हे त्याला तेव्हा जाणवलं. तो तिला म्हणाला, हा हंगाम संपला की दुकानात बसशील का माझ्याबरोबर, निदान काजं करायला. तिने स्वतःचा हात उलटा करून त्याच्यापुढे धरला. "आता सुई दिसत पण नाही आणि धरवत पण नाही," ती म्हणाली. तिने तो विषय तिथेच संपवला.

रविवारी सकाळी टोपलीतला कागद बदलताना ताईला विष्ठेत दोरा दिसला. वीतभर लांब होता. तिने तो काडीने उचलून कागदावर पसरला, दुसरा तुकडाही सापडला, आणि तिने डॉक्टरने सांगितलेल्या दोन टोकांशी मनातल्या मनात हिशोब जुळवला. मग भावाला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ताईने त्याला बसू दिलं आणि ती कागद गुंडाळून टाकायला गेली.

त्याच दिवशी दुपारी टेलर कपडे बदलून बाजारपेठेत गेला. कुठे जातोय ते त्याने सांगितलं नाही.

जुने मास्तर कधीच वारले होते. दुकान त्यांचा मुलगा चालवत होता. तोही आता साठीला टेकला होता. त्याने टेलरला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, धंद्याचं विचारलं. टेलरने हे तिथे उभं राहूनच सांगायचं ठरवलं होतं, म्हणून तो स्टुलावर बसला नाही. चार वाक्यांत त्याने सगळं सांगितलं. कोट मी जाळला. इस्त्री माझ्या हातात होती. माझ्या बहिणीने माझ्यासाठी आळ अंगावर घेतला. तुमच्या वडिलांना हे कधी कळलं नाही.

मास्तरांच्या मुलाने गळ्यातली मापाची टेप काढली आणि बोटांना गुंडाळत राहिला.

"ती गोष्ट वडील प्रत्येक नव्या कारागिराला सांगायचे," तो अखेर म्हणाला. "नंतर मी सांगू लागलो. या दुकानात आम्ही त्यानंतर एकही बाई कामाला ठेवली नाही. वडिलांचा नियमच झाला होता तो."

टेलरला हा नियम माहीत नव्हता. तो त्या दुकानात पुढे नऊ वर्षं होता, पण हे आपल्यामुळे चाललं आहे असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्याने येऊ दिलं नसेल. तो नमस्कार करून निघाला. रस्त्यात त्याला दोनदा थांबावं लागलं.

घरी येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं, नियमाचंसुद्धा. ते लपवावं असं वाटेत त्याच्या मनात आलं होतं, पण त्याने लपवलं नाही. ताई कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "चहा तरी दिला का तुला त्याने?"

"विचारलं त्याने. मी घेतला नाही."

"घ्यायचा होता," ताई म्हणाली. त्या संध्याकाळपासून ती त्याच्याशी पूर्वीसारखी बोलू लागली. अगदी पूर्वीसारखी नाही म्हणता येणार, कारण आता ती त्याला चुका दाखवू लागली. मीठ जास्त घातलंस. खिडकी उघडी टाकलीस. टेलरला ते ऐकून बरं वाटायचं.

मंगळवारी कोंबडीने स्वतःहून पीठ खाल्लं. चोच बुडवली, मान वर केली, गिळलं, आणि एका डोळ्याने दोघांकडे बघून पुटपुटली. तिच्या जिभेला मागच्या बाजूने खाच राहिली. कोरडा दाणा तिला पुढे कधी जमला नाही, ताई तिला रोज भिजवूनच घालायची. अंडीही तिने जवळजवळ बंद केली. दीड वर्ष ती जगली, आणि गेली ती अंगणात उन्हाला बसल्या बसल्या.

गणवेश चार दिवस उशिरा गेले. दोन आयांनी कडक शब्दांत सुनावलं आणि एकीने पुढच्या वर्षी दुसरीकडे टाकीन म्हणून बजावलं. तिने खरंच दुसरीकडे टाकले.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांचा मुलगा घरी आला. टेलर त्याला दुकानात बसवू लागला, पण तो म्हणाला, मला तुमच्या ताईंना भेटायचं आहे. ताई अंगणात पायरीवर होती. तो तिच्यासमोर खालच्या पायरीवर बसला. काय बोलायचं ते त्याने बहुधा ठरवून आणलं होतं, पण ते त्याला आठवेना. वडिलांकडून चूक झाली, एवढंच तो म्हणाला, आणि नंतर माझ्याकडूनही.

ताईने मान हलवली. त्याच्यासाठी चहा आणायला टेलरला सांगितलं. मग तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, "कापायचं टेबल अजून खिडकीपाशीच आहे का?"

"हो," तो म्हणाला. "तिथेच आहे."

"सकाळी उजेड फार छान यायचा तिथे," ताई म्हणाली. "खडूची रेघ न आखतासुद्धा कापड कापता यायचं."

मग ती त्याला विचारत राहिली. मोठी कात्री कोणाकडे आहे, तिला धार कोण लावतो, काळ्या लाकडाचा मापाचा गज अजून वापरतात की प्लॅस्टिकचा घेतला. तो एकेक करून सांगत राहिला. टेलर चहा घेऊन दारात आला होता. तो तिथेच थांबला, आणि दोघांचं बोलणं संपेपर्यंत कप हातात धरून उभा राहिला.